‘सहेला रे’ एकटंच का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया रोखठोक आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. गायिका किशोरी आमोणकरांचं भूप रागातलं ‘सहेला रे’ ही माझी एकमेव आवडती कलाकृती, असं मी लेखात म्हटलं होतं. तुमचे आक्षेप दोन. आवड वयानुसार, मनःस्थितीनुसार बदलते, त्यामुळे ‘एकच’ म्हणणाऱ्याने फारसं ऐकलेलंच नसतं. आणि ‘सहेला रे’ म्हणजे नेमकं कुठलं? किशोरीताई ते मैफलीत दर वेळी वेगळं गायच्या.

दुसरा आक्षेप जास्त मोलाचा आहे, आधी तोच घेतो. ख्यालात, म्हणजे रागदारी गायनाच्या या प्रकारात, बंदिश म्हणजे बांधलेल्या मोजक्या ओळी. बाकीचं त्या त्या बैठकीत घडतं आणि तिथेच विरतं. मग आवडलं ते काय, राग, बंदिश की गाणारी? माझं उत्तर आहे, ध्वनिमुद्रिका. एलपीच्या, म्हणजे जुन्या तबकडीच्या, एका बाजूला साधारण वीस-पंचवीस मिनिटं मावतात. तेवढ्यात आधी विलंबित, म्हणजे संथ लयीतला ख्याल, आणि मग ‘सहेला रे’ बसवायचं, तर काय सोडायचं हे आधी ठरवावं लागतं. मैफलीत एखादी जागा पुन्हा पुन्हा घेता येते, इथे ती चैन नाही. त्या बंधनातून जे उभं राहिलं त्याला मी मैफलीचा तुकडा मानत नाही. ती स्वतंत्र कलाकृती आहे. अनेक जाणकारांना हे पटत नाही, तरीही मी यावर ठाम आहे.

आता आवडीचं. भूपात मध्यम आणि निषाद (म आणि नी) हे सूर नाहीत. देशकार रागातही हेच पाच सूर, पण भूपाचा वादी, म्हणजे मुख्य सूर, गंधार (ग) आणि देशकाराचा धैवत (ध). हे पुस्तकात वाचलं होतं; कळलं मात्र ताईंचा गंधार ऐकल्यावर. बंदिशीच्या शब्दांत सात सुरांचा उल्लेख आहे, गाण्यात पाचच, आणि तरी काही उणं भासत नाही. त्यानंतर ऐकलेला प्रत्येक भूप मी या गंधाराशी ताडून पाहिला. मल्लिकार्जुन मन्सूरांवर, कुमार गंधर्वांवर माझं अतोनात प्रेम आहे, त्यांची ध्वनिमुद्रणं मी जास्त वेळा लावतो. पण माझा कान घडला तो ‘सहेला रे’वर. दोन-तीन कलाकृतींना हे स्थान एकाच वेळी कसं देता येईल, मला समजत नाही.

मनःस्थितीचं म्हणाल तर भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा राग, सकाळी मी तो लावतही नाही. कित्येक दिवस ऐकावासा वाटत नाही. म्हणून आवड ढळली असं होत नाही.

वयाने मात्र फरक पडला, हे खरं. पूर्वी मी द्रुतातल्या, म्हणजे जलद लयीतल्या, तानांची वाट बघायचो, आता विलंबितातच अडकतो. जयपूर-अत्रौली घराण्याची, आई आणि गुरू मोगूबाई कुर्डीकरांकडून ताईंना मिळालेली तालीम लयीच्या घट्ट बांधणीची. ताईंनी रागाच्या भावासाठी आलापीला, म्हणजे रागाच्या संथ विस्ताराला, अधिक जागा दिली, त्याबद्दल टीकाही सोसली. ती आलापी कळायला मला वय वाढावं लागलं. कान बदलला आणि त्याच ध्वनिमुद्रिकेत नवं ऐकू येऊ लागलं.

तुम्ही ‘सहेला रे’ प्रत्यक्ष ऐकलंय, असं लिहिलंत. मला ते भाग्य लाभलं नाही, आणि ३ एप्रिल २०१७ला ताई गेल्या. त्या मैफलीत लय किती ठेवली होती, विलंबितानंतर ‘सहेला रे’ कसं आलं, हे आठवत असेल तर जरूर लिहा.