खुलासा: 'तोफा डागणाऱ्या मुली'

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या ऑक्झिलरी टेरिटोरियल सर्व्हिसमधल्या (ए.टी.एस., म्हणजे लष्कराची महिला शाखा) मुली विमानविरोधी तोफा डागत, असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. १९४१पासून स्त्री-पुरुषांच्या मिश्र तुकड्यांत त्या होत्या, पण गोळा भरणं आणि डागणं पुरुषांकडेच होतं. स्त्रियांना तशी परवानगीच नव्हती.

म्हणून काम हलकं होतं असं मुळीच नाही. उंची मोजायचं यंत्र, रडार आणि प्रेडिक्टर (विमान पुढे कुठे असेल याचं गणित करणारं यंत्र) मुली चालवत. गोळा वर पोचायला वीस सेकंद लागले, तर ताशी ४०० किमी वेगाचं विमान सव्वादोन किमी पुढे गेलेलं असतं. दुर्बिणीतून विमान जराही निसटलं की फ्यूजची (गोळा ठरल्या वेळी फोडणाऱ्या भागाची) वेळ चुके आणि गोळा भलतीकडेच फुटे. खरं कौशल्य हे होतं!

कृपया जुना मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर तिथेच ही दुरुस्ती टाका.