चार वाजताचा गजर आणि दादाचा फॉरवर्ड

‘दहावीच्या पालकांनी जरूर वाचा’ असा एक मेसेज सध्या फिरतोय. मला तो तीनदा आला, तिन्ही वेळा सोडून दिला. चौथ्यांदा दादाने घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘आजपासून आमच्याकडे अंमलबजावणी’. अंमलबजावणी कुणावर, तर माझ्या भाचीवर. रविवारी गेले तेव्हा पोरगी पोह्यांची बशी हातात धरून बसल्या जागी पेंगत होती. म्हणून आता बोलतेच.

मेसेज म्हणतो: मुलांना ब्राह्ममुहूर्तावर, म्हणजे चारला उठवा. विद्यार्थ्याला पाच तास झोप पुरते. शाळा उशिरा भरवली तर मुलं आणखी उशिरा झोपतात. नैराश्य वगैरे उशिरा उठणाऱ्यांचे चोचले. सगळा दोष मोबाइलचा. आणि उठल्याबरोबर तांब्याच्या भांड्यातलं पाणी.

आधी तो मुहूर्त. तो लागतो सूर्योदयाच्या 96 मिनिटं आधी. जानेवारीत पुण्यात सूर्य सातनंतर उगवतो, म्हणजे मुहूर्त साडेपाचच्या सुमाराचा. चारचा गजर पंचांगातही बसत नाही! आमचे आजोबा पहाटे उठायचे, पण रात्री नऊला घोरतही असायचे. भाचीचा क्लास सुटतो साडेआठला. जेवण, गृहपाठ होऊन पाठ टेकायला साडेअकरा. उरले साडेचार तास.

ते पुरतात म्हणे. अमेरिकेतल्या झोपेच्या डॉक्टरांच्या संघटनेने 2016 साली 13 ते 18 वयासाठी 8 ते 10 तास सांगितलेत. शिवाय वयात येताना शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवायला लागतं. तो आळस नाही. बारा वर्षं मी आठवी ते दहावीला शिकवतेय. सकाळच्या पहिल्या तासाला मान वर करणाऱ्या मुलाच्या गालावर कंपासपेटीच्या कडेचा वळ असतो. त्याला ओरडायचं मी कधीच सोडलं.

‘आणखी उशिरा झोपतील’ ही भीती अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरातही होती. तिथल्या हायस्कुलांची वेळ 1997 साली सव्वासातवरून 8:40 वर नेली. मिनेसोटा विद्यापीठातल्या शिक्षण-संशोधक कायला वॉलस्ट्रॉम यांनी त्या मुलांचा काही वर्षं मागोवा घेतला. मुलं पूर्वीच्याच सुमारास झोपत राहिली आणि शाळेच्या रात्री त्यांना जवळपास तासभर जास्त झोप मिळाली. चार वर्षांनंतरही.

आता ते ‘चोचले’. या शब्दाने माझं डोकं खरं फिरलं. वॉलस्ट्रॉम यांच्याच 2014 च्या अहवालात आठ हायस्कुलांतली सुमारे 9,000 मुलं होती. आठ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांत नैराश्याची लक्षणं लक्षणीय जास्त आढळली. झोप नाही म्हणून मन खचतं की मन खचलं म्हणून झोप उडते? दोन्ही होतं. पण खचलेल्या पोराला चारला उठवून बसवायचं आणि वर चोचले म्हणायचं, याला काय म्हणावं? असं मूल घरी काही सांगेनासं होतं. वर्गात आम्हाला तेवढं दिसतं, की वही उघडी आहे आणि पान कोरं आहे.

मोबाइलचं मात्र मान्य. रात्री रील्स बघत पडलेली मुलं मलाही ठाऊक आहेत. पण क्लासचा गृहपाठ रात्री दहाला मोबाइलवरच येतो, त्याचं काय करायचं तेही मेसेजवाल्याने सांगावं.

शाळेच्या वेळेवरून सरकारलाही टोमणा मारलाय. 2024 मध्ये शासनाने नऊच्या आधी भरवू नका म्हटलं ते चौथीपर्यंतचे वर्ग. ज्यांचं घड्याळ पुढे सरकतं ती आठवी-दहावीची मुलं त्यात नाहीतच. दोन सत्रांत भरणाऱ्या शाळांची, विदर्भातल्या उन्हाळ्याची अडचण खरी आहे. तेवढं धरूनही चारचा गजर काही पटत नाही.

राहिलं तांब्याच्या भांड्यातलं पाणी. प्यावं. तहान भागते.