कंपनी अमेरिकेत निघाली, तुम्ही मात्र सिन्नरलाच

गेले काही महिने एक मेसेज फिरतोय. माझ्याकडे तो निदान दहा जणांनी पाठवला असेल, त्यातले दोघे माझेच अशील. सारांश असा: घरबसल्या अमेरिकेत एलएलसी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची कंपनी, काढा, खर्च वीस-पंचवीस हजार. सात दिवसांत अमेरिकन बँकेत डॉलर खातं हमखास. तिथे कर शून्य, इथे काही दाखवायची गरज नाही. अमेरिका नको असेल तर एस्टोनिया, दुबई, लंडन. आणि शेवटी, परदेशी कंपनी नसेल तर फ्रीलान्सरला डॉलर मिळतच नाहीत.

यातली कंपनी काढण्याची गोष्ट खरी आहे. अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यात एलएलसी काढायला व्हिसा लागत नाही, तिथे जावंही लागत नाही. नोंदणीच्या अर्जात कंपनीचं नाव आणि तिथल्या एका नोंदणीकृत एजंटचा पत्ता एवढंच पुरतं. मालक कोण, हे राज्य सरकार त्या कागदावर विचारतही नाही. विल्मिंग्टनमधल्या १२०९ नॉर्थ ऑरेंज स्ट्रीट या एका बैठ्या इमारतीच्या पत्त्यावर २ लाख ८५ हजारांहून जास्त कंपन्या नोंदलेल्या होत्या, त्या याच सोयीमुळे.

गफलत पुढे होते. कंपनी नोंदली म्हणजे खातं मिळालंच, असं मेसेज गृहीत धरतो. नोंदणी करणाऱ्याला नाव लागतं, बँकेला माणूस लागतो. ११ मे २०१८ पासून अमेरिकेतल्या बँकांना कंपनीचं खातं उघडताना २५ टक्के किंवा जास्त हिस्सा असलेला प्रत्येक मालक आणि कारभार पाहणारी निदान एक व्यक्ती ओळखून, कागदपत्रांनिशी पडताळावी लागते. म्हणजे डेलावेअरने जे विचारलं नाही, नेमकं तेच बँक विचारते. तुमचे ग्राहक कोण, पैसे कुठून येणार, काम प्रत्यक्षात कुठे बसून करता, हेही विचारते. नाही म्हणायचं तर कारण सांगायला ती बांधील नाही.

माझ्याकडे सिन्नरचा एक मुलगा येतो, वेबसाइटचं डिझाइन करतो. त्याने हा मेसेज वाचूनच एलएलसी काढली आणि एका ऑनलाइन सेवेकडे खात्याचा अर्ज केला. व्यवसायाचा पत्ता म्हणून एजंटचा पत्ता टाकला. दोन ओळींचा नकार आला. दुसऱ्या ठिकाणी शहाणपण करून घरचा पत्ता दिला, तर पुरावा मागितला. घरात एकच पुरावा, महावितरणचं लाइट बिल. ते आजोबांच्या नावावर, आणि आजोबा जाऊन अकरा वर्षं झालेली. पासपोर्टवर पत्ता जुन्या वाड्याचा. माझ्या टेबलावर लॅपटॉप उघडून तो मला म्हणाला, ‘सर, अमेरिकेत कंपनी निघाली, पण मी कुठे राहतो ते सिद्ध होईना.’ हसू आलं खरं, पण अख्ख्या विषयाचं मर्म त्याच्या त्या वाक्यात आहे.

सात दिवसांचा हिशेबही असाच कच्चा. खात्यासाठी ईआयएन हा करक्रमांक लागतो. तो फुकट मिळतो, त्याचे वेगळे पैसे घेणाऱ्यापासून जरा जपून. पण ज्याच्याकडे अमेरिकन सोशल सिक्युरिटी क्रमांक नाही, त्याला तो सहसा ऑनलाइन काढता येत नाही. एसएस-४ हा फॉर्म भरून, क्रमांकाच्या रकान्यात ‘फॉरेन’ लिहून फॅक्स करायचा आणि वाट बघायची. आठवडे जातात.

समजा खातं मिळालं. मग ते ‘अमेरिकन बँकेत’ असतं का? परदेशात बसलेल्या मालकाला पारंपरिक बँक बहुतेक वेळा शाखेत या म्हणते. ऑनलाइन जे मिळतं ते तंत्रज्ञान कंपनीचं ॲप असतं आणि पैसे मागच्या एखाद्या भागीदार बँकेत असतात. सगळीच ॲप वाईट नाहीत, मी स्वतः काही अशिलांना ती वापरू देतो. पण एफडीआयसीचा, म्हणजे अमेरिकेतल्या ठेवींचा सरकारी विमा बँक बुडाली तर आहे, मधला दलाल बुडाला तर नाही. सिनॅप्स ही अशीच मधली कंपनी एप्रिल २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेली. कुणाचे किती पैसे कोणत्या बँकेत आहेत याचा मेळच लागेना, साडेसहा ते साडेनऊ कोटी डॉलरची तूट निघाली, आणि हजारो लोकांची खाती महिनोन्‌महिने गोठली. बँक मात्र एकही बुडाली नव्हती.

‘तिथे कर शून्य’ हे अर्धसत्य आहे, म्हणून जास्त घातक. काम भारतात बसून केलं आणि अमेरिकेत धंद्याचं ठाण नसेल, तर एकट्या परदेशी मालकाच्या एलएलसीला तिथे आयकर बहुधा लागत नाही. पण विवरण द्यावंच लागतं. मालकाशी झालेल्या व्यवहारांचा फॉर्म ५४७२ हा ११२० या विवरणपत्रासोबत दरवर्षी. मालकाने स्वतः टाकलेलं भांडवलसुद्धा त्यात व्यवहार म्हणून मोजलं जातं. तो फॉर्म भरला नाही तर दंड २५,००० डॉलर. शिवाय डेलावेअरचा वार्षिक कर ३०० डॉलर, मुदत १ जून, धंदा झाला असो वा नसो. मेसेजमधल्या वीस-पंचवीस हजारांत हे कुठेच नाही.

आता ‘इथे काही दाखवायची गरज नाही’. हे वाक्य लिहिणाऱ्याला मी एकदा समोर बसवून विवरणपत्रातलं परदेशी मालमत्तेचं परिशिष्ट भरायला लावणार आहे. भारतात निवासी असलेल्या माणसाचं जगभरचं उत्पन्न इथे करपात्र असतं. त्यात कंपनीचं काम सिन्नरच्या घरातल्या टेबलावर होत असेल, तर ती कमाई इथेच उगवली असं आयकर खातं म्हणू शकतं, मग नोंदणी कुठलीही असो. काहीजण मला सुनावतात, कारभार कुठून चालतो याची कसोटी ५० कोटींखालच्या उलाढालीला लागत नाही. बरोबर, २०१७ चं परिपत्रक तसंच सांगतं. पण ती कसोटी कंपनी निवासी आहे का, एवढंच ठरवते. इथे बसून केलेल्या कामाचं उत्पन्न त्याने माफ होत नाही.

दुसरी बाजू फेमाची, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याची. शेअर बाजारात नोंद नसलेल्या परदेशी कंपनीत भांडवल म्हणून १०० डॉलर घातले तरी ती परदेशी गुंतवणूक ठरते. ऑगस्ट २०२२ च्या नियमांनुसार ती अधिकृत बँकेमार्फत फॉर्म एफसी भरून करायची, त्यावर क्रमांक मिळतो, आणि कंपनी तुमच्या ताब्यात असेल तर दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत कामगिरीचा अहवाल द्यायचा. वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहेच. मेसेज वाचून कंपनी काढलेल्यांपैकी हे केलेला एकही माझ्याकडे अजून आलेला नाही.

आणि विवरणपत्र. परदेशी खातं, परदेशी कंपनीतला हिस्सा, इतकंच काय नुसता सहीचा अधिकार असला तरी तो दाखवायचा असतो, आणि ही माहिती सोप्या विवरणपत्रात मावत नाही. काळा पैसा कायदा २०१५ चा. लपवल्यास १० लाखांचा दंड होऊ शकतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर सोडून एकूण २० लाखांपर्यंतच्या मालमत्तेला त्या दंडातून सूट आहे. सूट दंडाला आहे, दाखवण्याला नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये आयकर खात्याने लोकांना एसएमएस पाठवून याची आठवण करून दिली होती, तेव्हा माझा फोन दोन दिवस थांबला नव्हता.

बाकीचे देश थोडक्यात. एस्टोनियाची ई-रेसिडेन्सी, म्हणजे परदेशी माणसाला सरकारी डिजिटल ओळख, डिसेंबर २०१४ पासून आहे, चांगली योजना आहे, पण ती ना निवास देते ना बँक खात्याची हमी. डान्स्के बँकेच्या तिथल्या शाखेतून २००७ ते २०१५ दरम्यान सुमारे २०० अब्ज युरो फिरले आणि त्यातला बराचसा पैसा संशयास्पद होता, हे उघड झाल्यावर तिथल्या बँका परक्या मालकाकडे देशाशी खरा संबंध काय म्हणून विचारू लागल्या. दुबईत परवाना झटपट मिळतो, खात्यासाठी मात्र बँका बहुधा निवासी व्हिसा आणि एमिरेट्स आयडी मागतात. शून्य कराचा जमाना १ जून २०२३ ला संपला, पावणेचार लाख दिरहमांवरच्या नफ्याला ९ टक्के. फ्री झोन या खास व्यापारी क्षेत्रातल्या कंपन्यांना सवलत आहे, पण अटींसह. ज्यांचं घरदार दुबईत आहे त्या आपल्या लोकांची गोष्ट वेगळी, त्यांना खात्याची ही अडचण नाही. लंडनमध्ये १२ पौंडांत कंपनी निघायची, ते मे २०२४ मध्ये ५० झाले. तिथल्या बहुतेक मोठ्या बँकांना तिथे राहणारा संचालक लागतो.

आणि यात अन्याय वगैरे काही नाही, आपणही हेच करतो. परदेशी कंपनी नुसतं नोंदणीपत्र घेऊन नाशिकच्या शाखेत चालू खातं मागायला आली तर मिळत नाही. शाखा किंवा संपर्क कार्यालय रीतसर काढावं लागतं, नाहीतर भारतातला व्यावसायिक संबंध दाखवून विशेष अनिवासी रुपया खातं.

शेवटचा मुद्दा, कंपनीशिवाय डॉलर येत नाहीत हा. ऑनलाइन पैसे स्वीकारून देणाऱ्या स्ट्राइप कंपनीने मे २०२४ मध्ये भारतात नवी खाती फक्त निमंत्रणावर देणं सुरू केलं, तिथून ही घबराट वाढली. जो सदस्यत्वावर सॉफ्टवेअर विकतो किंवा अमेरिकी गुंतवणूकदार शोधतो, त्याला परदेशी कंपनी लागेलही, त्याने ती सगळ्या कागदांनिशी काढावी. पण चार ग्राहकांना महिन्याला बिल पाठवणाऱ्याला ईईएफसी, म्हणजे भारतातल्या बँकेतलं परकीय चलनाचं खातं पुरतं. मिळालेलं परकीय चलन सगळंच्या सगळं त्यात ठेवता येतं, वापरून उरलेलं पुढच्या महिन्याअखेरपर्यंत रुपयांत बदलायचं. बँक पैसे आल्याचा दाखला देते आणि जीएसटीत ती सेवा निर्यात म्हणून दाखवता येते.

त्या मुलाचंही शेवटी तेच केलं. खातं नाशिकच्याच शाखेत, आणि लाइट बिल आता वडिलांच्या नावावर. परवा त्याचा मेसेज आला: डेलावेअरकडून ३०० डॉलरचं स्मरणपत्र आलंय, भरू का? भर म्हटलं. कंपनी बंद करायची असली तरी आधी ते चुकतं करावं लागतं.