तळघरातील धूर आणि नानांचा ठराव

विजेवर चालणाऱ्या वाहनांना बेसमेंटमध्ये मज्जाव करावा आणि धूर बाहेर काढणाऱ्या पंख्यांच्या दुरुस्तीचा खर्च पुढच्या वर्षावर ढकलावा, असा दुहेरी ठराव सोसायटीच्या वार्षिक सभेत मांडण्याचे नानांनी ठरवले होते. सभेत विरोध होणार हे ठाऊक असल्यामुळे त्यांनी तो आधी जळगावच्या काव्यरत्नावली चौकातील आमच्या कट्ट्यावर वाचून दाखवला, आणि त्याची चिरफाड तिथेच सुरू झाली. अग्निशमन दलातून निवृत्त झालेले आबा, इमारतींना वायुवीजनाची यंत्रणा बसवून देणारा बापू आणि आमचे वकीलसाहेब असे तिघेही त्या संध्याकाळी हजर होते, त्यामुळे नानांना सुटका नव्हती.

नानांची बाजू आधी नीट सांगितली पाहिजे, कारण ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. सप्टेंबर 2022 मध्ये सिकंदराबादला एका इमारतीच्या खालच्या भागातील इलेक्ट्रिक स्कूटरच्या शोरूमला आग लागली आणि वरच्या हॉटेलातील आठ जणांचा जीव गेला. 1 ऑगस्ट 2024 रोजी दक्षिण कोरियातील इंचॉन येथे एका निवासी संकुलाच्या भूमिगत पार्किंगमध्ये नुसत्या उभ्या असलेल्या इलेक्ट्रिक मोटारीने पेट घेतला, आणि शंभराहून अधिक गाड्यांचे नुकसान झाले. "ती गाडी चार्जिंगलासुद्धा लावलेली नव्हती, आबा," नाना म्हणाले. "जी वस्तू कोणी हात न लावता पेटू शकते, ती माझ्या घराखाली कशाला हवी?"

आबांनी दोन्ही उदाहरणे मान्य केली आणि दोन्ही नानांवरच उलटवली. सिकंदराबादला आगीपेक्षा जिन्यावाटे वर चढलेल्या धुराने माणसे मारली, आणि तो धूर बॅटरीचा होता की पेट्रोलचा, याने गुदमरणाऱ्या माणसाला काहीच फरक पडत नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईत गोरेगावच्या एका सात मजली इमारतीत तळमजल्याच्या पार्किंगमध्ये आग लागली, तेव्हाही रहिवासी अडकले ते वरच्या मजल्यांवर. इंचॉनबद्दल तर आबांचा आवाज चढला. तिथे आग लागताच छतातून पाणी फवारणारे स्प्रिंकलर होते, आगीची सूचनाही मिळाली होती. पण कर्मचाऱ्याने खोटा गजर समजून यंत्रणा थांबवणारे बटण दाबले, असे तिथल्या अग्निशमन विभागाने नंतर सांगितले. एका गाडीपुरती राहू शकली असती अशी आग इतर कितीतरी गाड्यांपर्यंत गेली, त्याचे मोठे कारण हे बटण आहे.

पारंपरिक इंधनाच्या गाड्या निर्धोक आहेत असे समजणाऱ्यांसाठी त्यांनी लुटनचा दाखला दिला. लंडनजवळच्या त्या विमानतळाच्या बहुमजली पार्किंगमध्ये 10 ऑक्टोबर 2023 रोजी एका डिझेल गाडीपासून आग पसरली, हजाराहून अधिक गाड्या जळाल्या आणि इमारतीचा काही भाग कोसळला. ते पार्किंग तळघरात नव्हते, चारही बाजूंनी हवा खेळती होती, आणि तिथे स्प्रिंकलर नव्हते. लिव्हरपूलमध्ये 2017 च्या शेवटच्या दिवशी अगदी असेच घडले होते. मला या दोन घटना फार महत्त्वाच्या वाटतात, कारण आपल्याकडे "आमचे पार्किंग तर मोकळे आहे" एवढ्यावर पुष्कळांचे समाधान होते. मोकळ्या बाजूंमधून धूर बाहेर जातो हे खरे, पण त्याच बाजूंनी आत येणारा वारा आगीला एका गाडीवरून दुसरीवर न्यायला पुरेसा असतो. आजच्या गाड्यांमध्ये प्लास्टिक आणि फोम पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक असतो, इंधनाची टाकीही बहुधा प्लास्टिकची असते, आणि ती वितळली की पेटते इंधन उतार सापडेल तिकडे वाहत जाते.

"मग बॅटरीला काहीच वेगळे नाही का?" वकीलसाहेबांनी विचारले. आबा म्हणाले की वेगळे आहे, पण नाना समजतात त्या ठिकाणी नाही. इलेक्ट्रिक गाड्या इतरांपेक्षा जास्त पेटतात असे स्वीडन किंवा नॉर्वेतील नोंदींवरून दिसत नाही. मात्र एकदा पेटली की विझवायला वेळ लागतो आणि विझली असे वाटल्यावर ती पुन्हा पेटू शकते. आपल्या खान्देशात जिनिंगमध्ये काम केलेल्या प्रत्येकाने कापसाची गाठ पाहिलेली आहे: वरून पाणी मारले, धूर थांबला, आणि रात्री तीच गाठ आतून पुन्हा धुमसू लागली. बापूने यावर हरकत घेतली, आणि ती रास्त होती. गाठीला धुमसायला बाहेरची हवा लागते. बॅटरीचे सेल एकमेकांना तापवत जातात तेव्हा ती उष्णता त्यांच्या आतल्या रासायनिक क्रियेतून येते, त्यामुळे हवा तोडून ती आग मरत नाही, तिला पाण्याने दीर्घकाळ थंडच करावे लागते. म्हणजे मुद्दा फिरून पाण्यावरच आला.

आता पंख्यांकडे वळू, कारण खरी खडाजंगी आबा आणि बापू यांच्यात झाली. बापूने हिशेब मांडला. राष्ट्रीय इमारत संहितेच्या 2016 च्या आवृत्तीनुसार बेसमेंट पार्किंगमधील हवा एरवी तासाला सहा वेळा आणि आगीच्या वेळी बारा वेळा बदलली गेली पाहिजे. नानांचे बेसमेंट हजार चौरस मीटरचे आणि तीन मीटर उंचीचे धरले, तर आत तीन हजार घनमीटर हवा मावते. ती बारा वेळा बदलायची म्हणजे तासाला 36 हजार, अर्थात सेकंदाला दहा घनमीटर हवा ओढणारे पंखे हवेत, आणि ते 250 अंश सेल्सिअस तापमानात दोन तास टिकले पाहिजेत. नानांच्या बिल्डरने हवा वाहून नेणारे मोठे डक्ट टाळून छताखाली छोटे जेट फॅन बसवलेले आहेत, जे हवेला ढकलत ढकलत मागच्या शाफ्टपर्यंत, म्हणजे वर उघडणाऱ्या उभ्या पोकळीपर्यंत, नेतात आणि तिथला मुख्य पंखा ती बाहेर फेकतो. त्यांतील काही जळाले आहेत, उरलेले विजेच्या बिलापायी बंद ठेवले जातात. "आधी हे सुरू करा," बापूचे म्हणणे, "धूरच राहिला नाही तर पुढचा प्रश्न येतच नाही."

आबांना हे वाक्य मुळीच सहन झाले नाही. बारा वेळा हवा बदलणे म्हणजे धूर नाहीसा करणे नव्हे, तर तो पातळ करत नेणे आहे. एक मोटार ऐन भरात जळत असताना जो धूर निर्माण होतो, तो एवढ्या बुटक्या छताखाली पाहता पाहता डोक्याच्या उंचीपर्यंत खाली उतरतो, आणि पंखे त्याच्याशी बरोबरी करू शकत नाहीत. त्याहून वाईट गोष्ट अशी की सुरुवातीची काही मिनिटे गरम धूर छताला चिकटून राहतो आणि त्याच्याखाली वाकून चालण्याजोगी स्वच्छ हवा असते. त्याच वेळी जेट फॅन धडाडून सुरू झाले, तर तो थर ढवळला जातो आणि माणसे बाहेर पडण्याआधीच सगळीकडे काळोख होतो. म्हणूनच अनेक ठिकाणी मुख्य पंखा लगेच आणि जेट फॅन थोड्या विलंबाने सुरू होतील अशी व्यवस्था करतात. जोराच्या झोताने उष्णता बाजूला सरकून आगीवरचा स्प्रिंकलर न फुटता भलताच फुटण्याचाही धोका असतो.

बापूने माघार घेतली नाही, आणि माझ्या मते त्याने घेऊही नये. तो म्हणाला, "आबा, जवान खाली उतरतात तेव्हा त्यांच्या पाठीमागून स्वच्छ हवा आली आणि धूर समोरच्या बाजूला गेला, तर आग कुठे आहे ते दिसते की नाही? चाचपडत शोधण्यात जो वेळ जातो त्याचे काय?" आबा क्षणभर थांबून म्हणाले की दिसते, आणि एवढ्याचसाठी पंखा हवा, पण मग त्याचे बटण दलाच्या माणसाच्या हाती असावे, वॉचमनच्या नव्हे. या एका बाबतीत दोघांचे एकमत झाले, तरी दोघांनीही तसे कबूल केले नाही.

मी दाराचा मुद्दा काढला, कारण मला तो सर्वांत दुर्लक्षित वाटतो. बेसमेंटमधून वर जाणाऱ्या जिन्याला आगीत टिकणारे आणि आपोआप बंद होणारे दार असते. नानांच्या इमारतीत ते वीट लावून कायम उघडे ठेवलेले आहे, कारण दुकानांचा माल त्याच वाटेने वर जातो. मुख्य पंखा बंद पडला आणि जेट फॅन मात्र चालू राहिले, तर ढकललेला धूर शाफ्टऐवजी याच उघड्या जिन्यातून वर जाणार, म्हणजे सिकंदराबादचीच पुनरावृत्ती होणार. उलट पंखा जोरात ओढतो आहे आणि हवा आत यायला पुरेशी वाट नाही, अशा वेळी बंद दारसुद्धा अडून बसते: हवेच्या दाबातला पन्नास पास्कलचा फरक दोन चौरस मीटरच्या दारावर पडला, तर ते सुमारे दहा किलो वजनाइतक्या जोराने दाबले जाते, जे म्हाताऱ्या माणसाला किंवा लहान मुलाला ढकलणे सोपे नाही. म्हणून रॅम्प आणि झरोके हवेसाठी मोकळे हवेत. उन्हाळ्यात गरम झळा आणि धूळ येते म्हणून झरोक्यांना प्लायवूड ठोकण्याची आपल्याकडची पद्धत किती महागात पडू शकते, ते यावरून कळावे.

पाण्याची गोष्ट निघाली तेव्हा नाना थोडे गप्प झाले. एका सभासदाच्या नव्या गाडीवर स्प्रिंकलर गळला म्हणून बेसमेंटच्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद केलेला आहे, आणि उन्हाळ्यात नळाचे पाणी लांबले की आगीसाठी राखून ठेवलेल्या टाकीतले पाणी घरोघर सोडले जाते. आबांनी समजावले की सिनेमात दाखवतात तसे सगळे स्प्रिंकलर एकाच वेळी सुरू होत नाहीत, ज्याच्या काचेच्या नळीला उष्णता लागते तेवढाच फुटतो. गाडीचे छप्पर आडवे येत असल्यामुळे तो पेटलेली गाडी पूर्ण विझवेलच असे नाही, पण शेजारच्या गाड्या भिजत्या आणि थंड राहिल्या तरी त्याचे काम झाले. लाल नळी 68 अंशांना फुटते. जिथे छताजवळ उन्हाळ्यात 38 अंशांच्या वर तापते, उदाहरणार्थ पुढे काढलेल्या पत्र्याखाली, तिथे 79 अंशांची पिवळी किंवा 93 अंशांची हिरवी नळी लागते. आपल्या 45 अंशांच्या मे महिन्यात हा तपशील कोणी पाहतो का, कोण जाणे.

वकीलसाहेबांनी कायद्याचे थोडक्यात आटोपले. महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म बी, दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावे लागते, आणि यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा वापरणाऱ्याची असते. व्हॉल्व्ह बंद असताना ते प्रमाणपत्र कसे मिळत आले, हा प्रश्न त्यांनी विचारला आणि उत्तराची वाट न पाहता चहा मागवला.

शेवटी नानांनी ठरावातील पंख्यांचे वाक्य खोडले. आधी व्हॉल्व्ह, टाकी आणि जिन्याचे दार, मग मुख्य पंखा, आणि जेट फॅन त्यानंतर, असा क्रम त्यांनी लिहिला; बापूने शेवटच्या जागेवर लेखी निषेध नोंदवायला सांगितले. बंदीऐवजी चार्जिंगची जागा ठरवून द्यावी असे ठरले, तेव्हा नानांनी रॅम्पच्या तोंडाशी ती सुचवली, म्हणजे पेटली गाडी तर पटकन बाहेर ओढता येईल. आबा आणि बापू दोघेही एकदम नाही म्हणाले: पंखे सुरू झाले की ताजी हवा रॅम्पवरूनच आत येणार, आणि तिथे आग लागली तर ती हवा सगळा धूर आत ओढून नेईल, शिवाय दलाची वाटही तीच. ती जागा शाफ्टच्या शेजारी हवी, म्हणजे धुराला बेसमेंट ओलांडावे लागणार नाही, आणि आजूबाजूच्या दोन जागा रिकाम्या ठेवायच्या.

"शाफ्टशेजारी माझी गाडी उभी असते," नाना म्हणाले. ठरावाच्या मसुद्यात जागेचा क्रमांक अजून कोराच आहे.