बाजारात नेलं म्हणे बिचाऱ्याला! (माहेबूरच्या लेखावरच्या प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार काका,

‘तुझ्या काकाच्या वयाचा आहे, म्हणून स्पष्ट बोलतो’ असं तुम्हीच लिहिलंय, तेव्हा काकाच म्हणते. बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते: मॉरिशससारख्या ठिकाणी हनिमूनला जाऊन मी एक अख्खा दिवस माहेबूर नावाच्या कळकट गावात घालवला. नवऱ्याला भाजीबाजारात आणि बिस्किटांच्या कारखान्यात फिरवलं. इल-ओ-सेर बेटाची स्पीडबोट सोडली. लेखात समुद्राला दोन ओळी आणि कुठल्याशा लढाईला चार परिच्छेद दिले. आणि डिसेंबरात लग्न असलेल्या तुमच्या पुतणीला तुम्ही हा लेख मुळीच दाखवणार नाही.

पुतणीचं नंतर बघू. आधी नवरा. त्याची फरफट झाली असं तुम्ही धरून चाललात, पण माहेबूर त्यानेच काढलं होतं. आदल्या रात्री रिसॉर्टच्या बुफेत पनीर मखनी बघून तो म्हणाला, ‘उद्या जरा इथली माणसं जेवतात ते जेवू.’ दुसऱ्या दिवशी सोमवार, म्हणजे माहेबूरचा मोठा बाजार. कापडं, टोप्या, लिची, मिरच्या, सगळं एकाच ताडपत्रीखाली. तिथे धोल पुरीवाल्याने फडकं बाजूला करून मऊसूत पुऱ्यांच्या चळतीतून दोन उचलल्या (त्या जोडीनेच मिळतात), वर पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांची पातळ उसळ, टोमॅटोचा लाल रुगाय (तिथला रस्सा), हिरवी चटणी असं झरझर फासलं, गुंडाळी करून कागदात दिली आणि विचारलं, ‘पिमां?’ म्हणजे मिरची हवी का. नवरा ‘घाला, घाला’ म्हणाला आणि पुढची दहा मिनिटं काही बोलला नाही. ही पुरी म्हणजे आपल्या पुरणपोळीची तिखटामिठाची चुलतबहीण. आत वाटलेली डाळ तशीच, फक्त गूळ नाही. ऊसमळ्यांवर करारावर गेलेल्या बिहारी मजुरांबरोबर ती तिथे पोचली.

‘तिथे आपलं काय आहे?’ असंही तुम्ही विचारलंय. त्याच करारांवर मुंबई बंदरातून कोकण-साताऱ्याकडची माणसंही गेली. त्यांचे वंशज आज तिथे आहेत, शाळेत मराठी शिकता येते, आणि गणेश चतुर्थीला अख्ख्या देशाला सरकारी सुट्टी असते. आपल्याकडे दिल्लीत तरी असते का? पण खरं सांगू, ‘आपलं’ सापडावं म्हणून मी तिथे गेले नव्हते. ते बोनस.

आता कारखाना. कॅव्हेंडिश पूल ओलांडला की पलीकडे ‘रो’ (Rault) नावाचा बिस्किट कारखाना लागतो, १८७० पासूनचा. तिथली बिस्किटं मैद्याची नसतात, मान्योकची असतात. मान्योक म्हणजे आपला साबुदाणा ज्या कंदाचा होतो तोच. अठराव्या शतकात फ्रेंच गव्हर्नर माहे द ला बुर्दोने यांनी हा कंद बेटावर आणवला, तो गुलामांचं पोट भरायला. त्याच गव्हर्नरच्या नावावरून गावाचं नाव पडलं. तापलेल्या तव्यावर बायका लोखंडी साच्यात पीठ भरतात, हाताने सारखं करतात, उलटतात. चव म्हणाल तर चहाशिवाय घशाखाली उतरत नाही, हे लेखातही लिहिलं होतं. सासूबाईंनी मात्र डबा उपासाला चालेल का, असा प्रश्न काढला आणि त्यावर घरात अजून एकमत झालेलं नाही.

आणि लढाई. इथे मी जराही माघार घेणार नाही, काका. कारण तुम्हाला जो ‘निळाशार समुद्र’ हवा होता, त्याचीच ती लढाई आहे. माहेबूरच्या किनाऱ्यावर, पॉइंट दे रेगात्तवर उभं राहून पाहिलं की पाणी एकरंगी नाही हे दिसतं: फिकट हिरवट पट्टे म्हणजे उथळ प्रवाळ, आणि मधून गडद निळी वाकडीतिकडी वाट, तेवढीच खोल. ऑगस्ट १८१० मध्ये इंग्रजांनी इथल्या उपसागराच्या तोंडावरचा फ्रेंचांचा छोटा किल्ला घेतला आणि फ्रेंच झेंडा तसाच फडकत ठेवून फ्रेंच जहाजांना आत ओढलं. मग फ्रेंचांनी वाट दाखवणारे बोयेच (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणा) हलवले. इंग्रजांच्या फ्रिगेटी (युद्धनौका) त्या सुंदर फिकट पाण्यात रुतल्या. चारपैकी दोन त्यांनी स्वतःच पेटवून दिल्या, दोन शत्रूच्या हाती लागल्या. नेपोलियनच्या काळातला हा आरमारी विजय पॅरिसच्या विजयकमानीवर कोरलाय. (त्याच डिसेंबरात इंग्रजांनी बेट घेतलंच, तो भाग कमानीवर नाही.) दोन्ही बाजूंचे जखमी सेनानी, दुपेरे आणि विलोबी, एकाच घरात उपचार घेत होते. ते घर म्हणजे आजचं संग्रहालय, ज्याला तुम्ही ‘जुना बंगला’ म्हणालात.

बरं, हे सगळं दोनशे वर्षांपूर्वीचं म्हणून सोडा. २५ जुलै २०२० ला वाकाशिओ नावाचं जपानी मालकीचं जहाज जवळच पॉइंट देस्नीसमोर प्रवाळावर चढलं. ऑगस्टमध्ये त्यातून तेल सांडायला लागलं, तेव्हा माहेबूरच्या धक्क्यावर लोकांनी कापडाच्या लांब पिशव्या शिवल्या, त्यात उसाचं वाळलेलं पाचट भरलं आणि तेल अडवायला पाण्यात सोडलं. पाचट! आपल्याकडे शेतात जाळून टाकतात ते. हे ऐकल्यावर तो समुद्र मला स्पीडबोटीतून बघावासा वाटला नाही, एवढंच.

एक मात्र तुमचं बरोबर आहे: संध्याकाळी गाव लवकर झोपतं, आणि किनारा पूर्वेचा असल्यामुळे समुद्रात बुडणारा सूर्यही मिळत नाही. ज्यांना रोषणाई, गाणी, रात्रीचं फिरणं हवं त्यांनी उत्तरेकडच्या ग्रां-बेला जावं, माहेबूरला खुशाल नावं ठेवावीत.

पुतणीबद्दल: डिसेंबर म्हणजे तिकडचा भर उन्हाळा, तेव्हा बाजारात सकाळी लवकर जावं, दुपार संग्रहालयाच्या झाडांखाली काढावी. इल-ओ-सेर दुसऱ्या दिवशी होतंच, कुणी अडवलंय? लेख दाखवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. फक्त तिला विचारून ठरवा, कारण तुमच्या प्रतिक्रियेत तिला काय आवडतं हे कुठेच आलेलं नाही.