म्हणे, आकड्यांना भाषा नसते!

अरबी पत्रकारांना त्यांच्याच भाषेत ऑनलाइन बिझनेस रिपोर्टिंग शिकवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, असा एक फॉरवर्ड सध्या फिरतोय. कारणं चार दिलीत: आकडे सगळीकडे सारखेच, इंग्रजी साहित्य आहेच, तिकडे माहिती मिळतच नाही, आणि बातमीदारी स्क्रीनवर शिकता येत नाही.

आकड्यांपासूनच सुरू करू. लेबनॉनमध्ये १९९७ पासून डॉलरचा सरकारी भाव १,५०७.५ लिरा होता. २०१९ मध्ये बँकांनी लोकांचे पैसे अडकवले, तरी कागदावर तो तसाच राहिला. बदलला थेट फेब्रुवारी २०२३ मध्ये. आता समजा, एका शिक्षकाला १५ लाख लिरा पगार आहे. सरकारी भावाने ते जवळपास हजार डॉलर झाले. २०२१ सरताना काळ्या बाजारात डॉलर २५ हजारांच्या घरात होता, त्या हिशोबाने जेमतेम साठ. दोन्ही गणितं बरोबर, पण कुठला भाव धरला हे न सांगता छापलेली बातमी मात्र चूक. (आपल्याकडे बिलियनचे कोटी करताना एक शून्य कितीदा गळतं, हे डेस्कवर बसणाऱ्याला विचारा.)

शब्दांचंही तेच. नोव्हेंबर २०१६ मध्ये इजिप्तने पौंडाचा भाव बाजारावर सोडला. सरकारी भाषेत ती ‘तहरीर’, म्हणजे मुक्ती. लोकांच्या तोंडी ‘तअवीम’, म्हणजे तरंगत सोडणं. मथळ्यात यातला कुठला शब्द घ्यायचा, हा निर्णय इंग्रजी पाठ्यपुस्तक घेऊन देत नाही. तिथे दोन्हींसाठी बहुधा एकच शब्द येतो. शिवाय मोरोक्को-ट्युनिशियातल्या पत्रकाराची दुसरी भाषा बहुधा फ्रेंच असते. त्यामुळे दुसरा मुद्दा इथेच निकालात निघाला.

तिसऱ्यात तथ्य आहे. अनेक अरब देशांत कंपनीचा खरा मालक कोण, हे शोधताना नाकी नऊ येतात. पण जे उघड असतं तेही कोण वाचतं? नोव्हेंबर २०१९ मध्ये सौदी अरामको या सरकारी तेल कंपनीचं समभागविक्रीचं माहितीपत्रक आलं, सहाशेहून अधिक पानांचं. कंपनी एकूण किती टक्के समभाग विकणार, तेच त्यात नव्हतं! विक्री झाली १.५ टक्क्याची, ३२ रियाल भावाने, आणि उभे राहिले २५.६ अब्ज डॉलर. सहाशे पानांत काय नाही हे हेरायला सवय लागते, आणि ती लावावी लागते.

राहिला स्क्रीनचा मुद्दा. मंत्रालयातल्या कारकुनाशी ओळख वाढवणं झूमवर शिकता येत नाही, कबूल. ताळेबंद मात्र स्क्रीनवरच वाचायचा असतो, मग तो वर्गात बसून शिकायची सक्ती कशाला? येमेन किंवा सुदानमधल्या पत्रकाराला दुसऱ्या देशातल्या कार्यशाळेचा व्हिसा मिळणं किती कठीण, हे फॉरवर्ड लिहिणाऱ्याच्या गावीही नाही.

ऑनलाइन वर्गातून अर्धे लोक मधेच गळतात, हा आक्षेप त्याने घेतला असता तर मी मान डोलावली असती. नुसते व्हिडिओ लावून दिले की लोक जाणारच. मोरोक्कोतल्या रबातमध्ये आठ वाजतात तेव्हा ओमानमधल्या मस्कतमध्ये अकरा. कुणाची सुट्टी शुक्रवारी, कुणाची रविवारी. अशा वेळी कुणी संपादक बसून प्रत्येकाची बातमी ओळीओळीने तपासतो का, ‘हा भाव कुठला?’ असं समासात लिहून परत पाठवतो का, एवढंच नाव नोंदवण्याआधी विचारावं. प्रमाणपत्र काय, शेवटी सगळ्यांनाच मिळतं.