"झाड माझं, जागा माझी, परवानगी कसली?" असं नसतं हो

या आठवड्यात तोच मेसेज तिसऱ्या ग्रुपवर आला, की म्हणे स्वतःच्या जागेतलं झाड तोडायला कोणाला विचारावं लागत नाही, परवानगी फक्त रस्त्यावरच्या सरकारी झाडांना, छाटणीला तर कोणी हिंग लावून विचारत नाही आणि पकडलं तरी हजार रुपये भरून सुटायचं. खाली 'सर्वांना पाठवा' आहेच.

पहिलंच वाक्य चूक. महाराष्ट्रातल्या शहरांसाठी 1975 चा झाडांचा कायदा आहे, त्याचं कलम 8 सरळ सांगतं की जमीन तुमची असो की दुसऱ्याची, आधी परवानगी. गावाकडे मोकळं रान आहे असंही नाही, तिथे 1964 चा वेगळा कायदा, त्याच्या यादीत आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह, साग सगळे आहेत, म्हणजे आजोबांनी बांधावर लावलेला आंबा पाडायलासुद्धा अर्ज करायचा.

छाटणीचं वाचून तर हसूच आलं. 1975 च्या कायद्यात 'झाड तोडणे'ची व्याख्या बघा, कापणं आणि जाळणं आहेच पण झाडाला कुठल्याही प्रकारे इजा करणंही त्यातच धरलंय. आमच्या सोसायटीत गाड्यांवर पानं पडतात म्हणून गुलमोहर 'फक्त छाटला', नुसता खांब उरला, त्याला केबलवाल्याने वायर गुंडाळली. दोन पावसाळ्यांत वाळला, मग 'मेलेलं झाड' म्हणून रीतसर अर्ज!

सरकारी झाडांचं अर्धं खरं. पण तिथे सरकारलाही विचारावंच लागतं, 2019 ला मुंबईच्या आरेत मेट्रो कारशेडसाठीसुद्धा प्रस्ताव वृक्ष प्राधिकरणापुढे (झाडं तोडायची परवानगी देणारं पालिकेचं मंडळ) गेला होता (मंजूर झाला, तो भाग वेगळा).

आणि हजार रुपये? 2021 च्या दुरुस्तीनंतर शहरात एका झाडामागे 1 लाखापर्यंत दंड होऊ शकतो, शिवाय 50 वर्षांवरचं झाड असेल तर ते हेरिटेज धरतात. मार्च 2025 मध्ये तर मथुरा-वृंदावनला 454 झाडं, त्यातली बहुतेक एका खासगी जमिनीवरची, विनापरवानगी तोडली म्हणून सुप्रीम कोर्टाने झाडामागे 1 लाख लावले. जागा खासगी होती तरी बरं का.

झाड खरंच किडलंय किंवा घरावर कलतंय तर परवानगी मिळते, कायद्यातच ती कारणं दिलीत. अर्ज केला की पाहणी होते, झाडावर नोटीस चिकटवतात, लोकांना हरकत घेता येते. नोटीस कधी दिसलीच नाही आणि थेट करवत सुरू झाली, तर खाली जाऊन परवानगीच्या ऑर्डरची कॉपी मागा.